११ केव्हीला फॉल्ट आणि ट्रिप ३३ केव्हीचा अर्थ फॉल्ट : रिले ओके असूनही परत परत होणारं ट्रिपिंग

प्रॉब्लेम असा आहे. ३३/११ केव्हीचा ट्रान्सफॉर्मर, समजा ५ एमव्हीए, डीवायएन ११ (३३ केव्हीकडे डेल्टा, ११ केव्हीकडे स्टार जोडणी), ११ केव्हीकडचा न्यूट्रल सॉलिड अर्थ. प्लांटमध्ये ११ केव्हीच्या एखाद्या फीडरवर अर्थ फॉल्ट होतो (फेजचा करंट जमिनीत जातो), केबलचा जॉइंट गेला, पावसात पॅनलच्या केबल बॉक्समध्ये पाणी शिरलं, काहीही, त्या फीडरचा रिले (फॉल्ट ओळखून ब्रेकर पाडायला सांगणारा डबा) आपलं काम करतो, ब्रेकर पडतो, इथपर्यंत सगळं ठीक. पण त्याच क्षणाला वरचा ३३ केव्हीचा ब्रेकरसुद्धा अर्थ फॉल्टचा फ्लॅग दाखवून पडतो आणि एका फीडरच्या जागी अख्खा प्लांट बसतो. मग धावपळ, ट्रान्सफॉर्मर मेगर करा (इन्सुलेशन तपासा), ऑइल बघा, बुशिंग बघा, काहीच सापडत नाही, चार्ज केलं की निवांत चालतो. पुढचा फॉल्ट आला की पुन्हा तेच. आणि सगळ्यात डोकं फिरवणारा प्रकार म्हणजे एखाद्या दिवशी कोरड्या हवेत, भर दुपारी, ११ केव्हीवर काहीही नसताना ३३ केव्ही अर्थ फॉल्टवर उडतो.

यात ठरलेली गोष्ट म्हणजे टेस्टिंगवाल्यांना बोलावलं जातं. ते किट घेऊन येतात, टेस्ट ब्लॉकमध्ये प्लग घालतात, ०.२ अ‍ॅम्पला पिक-अप, दुप्पट करंटला टाइम, पाचपटला टाइम, सगळं कर्व्हवर तंतोतंत बसतं, आणि "साहेब, रिले एकदम ओके आहे" म्हणून रिपोर्ट देऊन जातात. रिपोर्ट खोटा नसतो. रिले खरंच ओके असतो. पण सेकंडरी इंजेक्शन करताना, म्हणजे किटमधून थेट रिलेत करंट सोडताना, टेस्ट प्लग घातला की सीटीकडची (करंट ट्रान्सफॉर्मर, लाइनचा मोठा करंट लहान करून रिलेला देणारा) सगळी बाजू शॉर्ट होऊन बाजूला पडते, म्हणजे तपासला गेला तो फक्त डबा, सीटीपासून डब्यापर्यंतची वायर, लिंका, अर्थिंग याला कोणी हातच लावलेला नाही. नळाची चावी नीट फिरते एवढं बघून टाकी आणि पाइपलाइन चांगली आहे असा दाखला देण्यातला प्रकार. वारंवार येणारं अर्थ फॉल्ट ट्रिपिंग बहुतेक वेळा याच न तपासलेल्या भागात लपलेलं असतं, आणि माझ्या मते पहिला संशय सीटी सेकंडरीच्या दुहेरी अर्थिंगवर घ्यावा. का ते खाली सांगतो.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या, हीच सगळ्यात मोठी खूण आहे. ट्रान्सफॉर्मरची ३३ केव्ही बाजू डेल्टा आहे. ११ केव्हीवर अर्थ फॉल्ट झाला की ३३ केव्हीच्या लाइनमध्ये करंट वाढतो हे खरं, पण तो दोन फेजमध्ये जाऊन येऊन वाहतो, तिन्ही फेजची बेरीज शून्यच राहते. झिरो सिक्वेन्स करंट, म्हणजे तिन्ही फेजमध्ये एकाच वेळी एकसारखा वाहणारा भाग, डेल्टाच्या आत फिरत राहतो, बाहेर लाइनवर येत नाही. म्हणून तर ३३ केव्हीच्या अर्थ फॉल्टला खालच्या रिलेशी ग्रेडिंग (खालचा आधी, वरचा नंतर पडेल असं वेळेचं जुळवणं) करायची गरज नसते आणि तो कमी सेटिंगला, जवळजवळ लगेच पडेल असा ठेवलेला असतो. म्हणजे ११ केव्हीच्या फॉल्टबरोबर ३३ केव्हीचा ओव्हरकरंट पडला तर तो ग्रेडिंगचा विषय आहे, पण अर्थ फॉल्ट पडला तर ते ग्रेडिंगमुळे होऊच शकत नाही. टाइम वाढवून, टीएमएस (रिलेचं टाइम सेटिंग) ०.१ चा ०.२ करून हा आजार बरा होत नाही, फक्त दबतो. तरी नव्वद टक्के ठिकाणी आधी हेच केलेलं दिसतं, कारण सेटिंग बदलायला शटडाऊन लागत नाही.

तर रिलेने जे पाहिलं ते पॉवर सर्किटमध्ये नव्हतंच, ते त्याला कुठून तरी दाखवलं गेलं. रिले काय, त्याला जे दाखवाल त्यावरच निर्णय घेणार. ३० जुलै २०१२ ला रात्री अडीचच्या सुमाराला उत्तर भारताची ग्रिड बसली तेव्हाही बिना-ग्वाल्हेर ४०० केव्ही लाइन डिस्टन्स रिलेच्या झोन ३ वर (लांबच्या फॉल्टसाठीचा बॅकअप टप्पा) गेली होती, लाइनवर फॉल्ट नव्हता, प्रचंड लोड आणि उतरलेलं व्होल्टेज मिळून रिलेला ते झोनच्या आत दिसलं. आपला मामला त्यापुढे किरकोळ, पण विचार करायची पद्धत तीच.

आता ट्रिप झाल्यावर काय करायचं. रिसेट बटणापासून हात लांब. आधी फ्लॅगचा, एलईडीचा मोबाइलवर फोटो काढा, ८६ (लॉकआउट रिले) पडलाय का बघा, मग इव्हेंट लॉग आणि डिस्टर्बन्स रेकॉर्ड लॅपटॉपवर उतरवून घ्या. बऱ्याच रिलेमध्ये रेकॉर्डची जागा मर्यादित असते, नवीन आलं की जुनं पुसलं जातं, आणि दोन-चार वेळा चार्जिंग करून बघण्याच्या नादात नेमकं कामाचं रेकॉर्ड उडून जातं. कॉमट्रेड फॉरमॅटमध्ये उतरवलं की सीएफजी आणि डॅट अशा दोन फायली येतात, दोन्ही लागतात, एकट्या डॅटचा काही उपयोग नाही. रिलेचं घड्याळ बरोबर आहे का तेही तेव्हाच बघा, कारण ११ केव्हीच्या रिलेशी वेळ जुळवायची असते आणि दोन रिलेत सात मिनिटांचा फरक निघाला की कोण आधी पडलं यावरून नुसती भांडणं होतात.

रेकॉर्ड उघडल्यावर चार गोष्टी बघायच्या. तीन फेजचे करंट, आणि चौथा न्यूट्रलच्या सीटी इनपुटवर मोजलेला करंट. सॉफ्टवेअरमध्ये तिन्ही फेजची बेरीज करून काढता येते, ती काढा आणि मोजलेल्या न्यूट्रलशेजारी ठेवा. खरा अर्थ फॉल्ट असेल तर दोन्ही वेव्ह एकावर एक बसतात, एका फेजचं व्होल्टेजही बसलेलं दिसतं. तिन्ही फेजची बेरीज शून्याजवळ आहे आणि तरी न्यूट्रलच्या चॅनलवर छान गुळगुळीत ५० हर्ट्झची साइन वेव्ह दिसतेय, तर तो करंट सीटीतून आलेलाच नाही, तो न्यूट्रलच्या वायरमध्ये बाहेरून घुसलाय. इथंच अर्धं निदान झालं. आणि बेरीजही येते, न्यूट्रलही येतो, पण वेव्ह तुटकी, एका बाजूला चपटी, पहिल्या काही सायकलमध्ये मोठी आणि नंतर विरत जाणारी, असं असेल तर सीटी सॅच्युरेट होतोय (त्याचा लोखंडी कोअर भरून गेल्याने खरा करंट पुढे देत नाही), ते वेगळं प्रकरण, खाली येतो त्याच्याकडे.

बाहेरून कसा घुसतो ते बघू. सीटीच्या सेकंडरीला अर्थ एकाच ठिकाणी असायला हवा. यार्डात सीटीच्या जंक्शन बॉक्समध्ये तीन सीटीचे एस२ (सेकंडरीचं दुसरं टोक) एकत्र करून स्टार पॉइंट केलेला असतो, तिथून चार कोअर कंट्रोल रूममध्ये येतात, तीन फेज रिलेच्या फेज इनपुटमधून जाऊन एकत्र होतात आणि अर्थ फॉल्टच्या इनपुटमधून न्यूट्रलच्या कोअरने परत यार्डात. आता यार्डात इरेक्शनवाल्याने स्टार पॉइंटला अर्थ केला, आणि पॅनलवाल्याने त्याच्या ड्रॉइंगप्रमाणे पॅनलमध्ये, तिन्ही फेज एकत्र होतात त्या टर्मिनलला अर्थ केला. दोघांचंही आपापल्या जागी बरोबर. पण आता अर्थ फॉल्टचा इनपुट आणि न्यूट्रलची वायर हे दोन अर्थच्या मध्ये सापडले, अर्थ मॅटला (यार्डाखाली पुरलेल्या अर्थिंगच्या जाळीला) समांतर.

११ केव्हीचा अर्थ फॉल्ट होतो तेव्हा करंट मॅटमधूनच ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रलकडे परत येतो. ५ एमव्हीए, ७.१५ टक्के इम्पीडन्स धरला तर ११ केव्हीला फुल लोड २६२ अ‍ॅम्प आणि ट्रान्सफॉर्मरजवळच्या फॉल्टला साडेतीन हजार अ‍ॅम्पच्या वर करंट. एवढा करंट मॅटमधून गेला की यार्डाचा अर्थ आणि कंट्रोल रूमचा अर्थ एका पातळीवर राहत नाहीत, काही व्होल्टचा फरक सहज पडतो. आणि तुम्हाला किती लागतो? ६० मीटर अंतर, २.५ स्क्वेअर एमएम कॉपर, साधारण ७.४ ओहम प्रति किलोमीटर, म्हणजे न्यूट्रलच्या कोअरचे ०.४४ ओहम. न्यूमेरिकल (मायक्रोप्रोसेसरवाल्या) रिलेचा इनपुट ०.१ ओहमच्या आसपास. एकूण ०.५४. सेटिंग १ अ‍ॅम्पच्या सीटीला २० टक्के, म्हणजे ०.२ अ‍ॅम्प. गुणाकार केला तर ०.११ व्होल्ट. दोन अर्थमध्ये दशांश व्होल्टचा फरक आला तरी रिले पिक-अप. कोरड्या दुपारच्या ट्रिपचं उत्तरही यातच आहे, त्या दिवशी यार्डात कोणी एसी वेल्डिंग सेट लावून रिटर्नचा क्लॅम्प जवळच्या स्ट्रक्चरला मारला होता का ते परमिटच्या रजिस्टरमध्ये बघा.

इथं बहुतेक लोक एक हमखास प्रश्न विचारतात, की मग इतकी वर्षं का नाही झालं, जुना रिले होता तेव्हा तर कधी त्रास नव्हता, हा नवीन न्यूमेरिकल बसवल्यापासून सुरू झालं. बरोबर आहे निरीक्षण, आणि म्हणून सगळे नवीन रिलेला शिव्या घालतात. पण जुना सीडीजी ३१ घ्या, फिरत्या डिस्कचा इलेक्ट्रोमेकॅनिकल रिले. त्याचं बर्डन (सीटीवर पडणारा भार) सेटिंगच्या करंटला साधारण ३ व्हीए. ०.२ अ‍ॅम्पला ३ व्हीए म्हणजे कॉइलवर १५ व्होल्ट लागणार, म्हणजेच ७५ ओहम. दोन अर्थमध्ये दोन-पाच व्होल्टचा फरक पडला तरी ७५ ओहममधून काही जात नव्हतं, डिस्क हललीसुद्धा नाही. त्रास नव्हता तो यामुळे.

आता हेच उलटं करून बघा, म्हणजे खरी भीती कळेल. ३३ केव्हीवर खरोखरचा अर्थ फॉल्ट झाला असता, लायटनिंग अरेस्टर फुटला, बुशिंग गेलं, तर सीटीतून आलेल्या करंटसमोर दोन वाटा होत्या, एक ७५ ओहमची कॉइल आणि दुसरी दोन अर्थमधून मॅटची वाट, जेमतेम ओहमभर किंवा त्याहूनही कमी. करंट कुठून जाणार ते सांगायला नको. म्हणजे तो जुना रिले इतकी वर्षं अर्थ फॉल्टला जवळपास आंधळा होता, आणि कधीच पडत नाही म्हणून सगळे त्याचं कौतुक करत होते. जुनी लॉगबुकं असतील तर चाळा. तुमच्या यार्डातला अरेस्टर गेला आणि तुमच्या रिलेचा फ्लॅग नाही पण वरच्या सबस्टेशनचा फीडर पडला, अशी नोंद सापडली तर ती योगायोगाने नाही.

म्हणूनच यावरचा एक लोकप्रिय उपाय मला अजिबात पटत नाही, तो म्हणजे अर्थ फॉल्टच्या इनपुटबरोबर सिरीजमध्ये रेझिस्टर टाकणं. ५० ओहमचा टाकला की ट्रिपिंग एकदम बंद होतं, सगळे खूश. व्हायलाच पाहिजे, तुम्ही नवीन रिलेचा पुन्हा सीडीजी केलात. स्टॅबिलायझिंग रेझिस्टर हा सॅच्युरेशनवरचा खरा उपाय आहे, पण सर्किटमध्ये एकच अर्थ आहे याची खात्री झाल्यावर. दुसरा शॉर्टकट म्हणजे मोजलेल्या न्यूट्रलऐवजी रिलेला तीन फेजच्या बेरजेवर अर्थ फॉल्ट चालवायला सांगणं. हा त्यातल्या त्यात बरा, कारण बाहेरून घुसलेला करंट फेजच्या इनपुटमधून जात नाही, आणि पुढच्या शटडाऊनपर्यंत वेळ मारून न्यायला चालेल. कायमचं करून विसरून जाऊ नका एवढंच.

आता शोधायचं कसं. पहिली टेस्ट चालू लोडवर होते, काही उघडायचं नाही. पॅनलमध्ये सीटी न्यूट्रलची जी अर्थ वायर आहे तिच्याभोवती मिलीअ‍ॅम्प मोजणारा लीकेज क्लॅम्प लावा, साधा टॉंग टेस्टर नको, त्याला एवढा कमी करंट कळत नाही. अर्थ एकच असेल तर लूपच नाही, त्यामुळे त्या वायरमध्ये जवळपास शून्य दिसायला हवं. तिथं काही दहा मिलीअ‍ॅम्प सतत वाहत असतील, आणि मोठी मोटर चालू केली की किंवा वेल्डिंग चालू झालं की आकडा नाचत असेल, तर दुसरा अर्थ आहे म्हणून समजा. आणि कृपा करून चालू लोडवर ती अर्थ वायर काढून बघू नका, सीटी सेकंडरी कुठंही उघडी पडली तर टर्मिनलवर जीवघेणं व्होल्टेज येतं. हे माहीत सगळ्यांना असतं, तरी घाईत लिंक सरकवणारे भेटतात.

दुसरी टेस्ट शटडाऊनमध्ये. रीतसर परमिट, ब्रेकर-आयसोलेटर ओपन, डिस्चार्ज रॉड, सगळं. टेस्ट ब्लॉकवरून रिले वेगळा करा, पॅनलमधला माहीत असलेला अर्थ काढा, आणि टर्मिनल ब्लॉकवर न्यूट्रलच्या कोअरला ५०० व्होल्टचा मेगर लावा. मेगाओहममध्ये यायला हवं. शून्य आलं तर यार्डाच्या जंक्शन बॉक्समध्ये जाऊन केबल सोडवा, आता केबल एकटी मेगर करा आणि सीटीची बाजू एकटी. कुठल्या बाजूला शून्य राहतं ते कळलं की शोध अर्ध्यावर येतो. पूर्ण शून्य नसून दोन-चारशे किलोओहम येत असेल तर ती ओल आहे, दुहेरी अर्थ नाही, पण तीही सोडू नका.

दुसरा अर्थ कुठं कुठं लपतो ते सांगतो, कारण ड्रॉइंगमध्ये तो नसतो. सगळ्यात जास्त वेळा जंक्शन बॉक्समध्ये, स्टार पॉइंटच्या लिंकेपासून बॉक्सच्या बॉडीला गेलेला एक छोटा तुकडा, बहुतेक हिरवा, पण काळाही असतो आणि टर्मिनलच्या मागून गेलेला असतो, समोरून उघडून बघितलं तर दिसतच नाही, आरसा किंवा मोबाइल आत घालून फोटो काढावा लागतो. दुसरी जागा सीटीचा स्वतःचा सेकंडरी बॉक्स, तिथं कंपनीतूनच एस२ ला अर्थ करायचा स्क्रू दिलेला असतो आणि तिन्हीपैकी एकाच सीटीवर तो घट्ट केलेला राहून गेलेला असतो. तिसरं, एनर्जी मीटरचं पॅनल जर त्याच कोअरवर सिरीजमध्ये असेल तर तिथं मीटरवाल्याने केलेला अर्थ. चौथं, केबल ग्लँडमध्ये ओढताना कापलं गेलेलं इन्सुलेशन, हे पावसाळ्यातच बोलतं. आणि रेट्रोफिटनंतर, म्हणजे जुन्या पॅनलमध्ये नवीन रिले बसवल्यावर, तर पॅनलमध्येच दोन अर्थ सापडू शकतात, जुन्या वायरिंगचा एक तसाच राहिलेला आणि नवीन टर्मिनलचा एक, ते दोन्ही न्यूट्रल इनपुटच्या दोन बाजूंना असले की झालं, तिथं तर ६० मीटर वायरसुद्धा मध्ये नाही.

कोणता अर्थ ठेवायचा आणि कोणता काढायचा? कंट्रोल रूममधला ठेवा, जिथं माणूस वायरिंगवर काम करतो तिथं अर्थ जवळ असलेला बरा आणि पुढं तपासायलाही सोपा. यार्डातला काढा, आणि नुसता लगमधून सोडून टांगता ठेवू नका, तो तुकडाच बाहेर काढा, नाहीतर पुढच्या मेंटेनन्सला कोणीतरी प्रामाणिक वायरमन "अर्थ सुटला होता साहेब" म्हणून पुन्हा जोडून ठेवतो. बॉक्सच्या दारावर आतून एक पट्टी चिकटवा आणि ड्रॉइंगवर लाल पेनने दुरुस्ती करा.

काढल्यावर सिद्ध करायचं, आणि याला प्राइमरी इंजेक्शनला पर्याय नाही. १०० अ‍ॅम्प देणारा किट काही फार मोठा नसतो. आर फेजच्या सीटीच्या पी१-पी२ (प्राइमरीची दोन टोकं) मधून १०० अ‍ॅम्प सोडा, सीटी १००/१ आहे, रिलेवर आर फेजला १०० अ‍ॅम्प आणि न्यूट्रललाही १०० दिसायला हवेत. ट्रिप आधी आयसोलेट केलेला असू द्या, नाहीतर ८६ पडत राहील. मजा म्हणजे हीच टेस्ट दुरुस्तीच्या आधी केली असती तर आर फेजला १०० आणि न्यूट्रलला समजा ४० दिसले असते, आणि उरलेला करंट पॅनलच्या अर्थ वायरवर क्लॅम्प लावल्याबरोबर सापडला असता. जिथं जमेल तिथं आधीची आणि नंतरची दोन्ही रीडिंग घ्या, वरच्या साहेबांना समजवायला याच्याइतकं काही कामाला येत नाही. मग आर आणि वाय सिरीजमध्ये जोडून एकातून आत, दुसऱ्यातून बाहेर असं इंजेक्शन द्या, आता दोन फेजला १०० आणि न्यूट्रल शून्य. न्यूट्रल २०० आला तर एका सीटीची पोलॅरिटी उलटी आहे. वाय-बी लाही तेच करा. न्यूट्रलचा कोअर कुठं तुटलेला असेल तर तोही इथंच उघडा पडतो, एरवी बॅलन्स लोडवर तुटलेल्या न्यूट्रलचं कुणाला काहीच कळत नाही.

हे सगळं करून अर्थ एकच निघाला, तर मग सॅच्युरेशनकडे वळा. याची ओळख म्हणजे ट्रिप ट्रान्सफॉर्मर चार्ज करताना होतो, प्रत्येक वेळी नाही, कधी होतो कधी नाही, कारण इनरश (चार्ज करतानाचा क्षणिक मोठा करंट) ब्रेकर वेव्हवर कुठं क्लोज झाला त्यावर अवलंबून. इनरश फुल लोडच्या आठ-दहा पट सहज जातो, त्यात डीसी भाग, तिन्ही सीटी सारखे सॅच्युरेट होत नाहीत, त्यामुळे प्रत्यक्षात शून्य असलेली बेरीज सेकंडरीला शून्य राहत नाही. इथं लीडचं बर्डन काढा. ५ अ‍ॅम्पचा सीटी, १०० मीटर अंतर, २.५ ची केबल, जाऊन-येऊन दीड ओहम, २५ ने गुणलं की ३७ व्हीए नुसत्या तारेत, आणि सीटीच्या प्लेटवर लिहिलंय १५ व्हीए, ५पी१० (एवढ्या भाराला, रेटेड करंटच्या दहापटीपर्यंतच भरवशाचा). हाच सीटी १ अ‍ॅम्पचा असता तर तारेत दीड व्हीए गेला असता. नवीन काम करताना यार्ड लांब असेल तर १ अ‍ॅम्पच घ्या, आणि जुन्या ठिकाणी ४ किंवा ६ ची केबल, कोअर पॅरलल करणं, रिलेमध्ये सेकंड हार्मोनिक ब्लॉकिंग (इनरश ओळखून ट्रिप रोखणारी सोय) असेल तर ते चालू करणं, आणि मग तो रेझिस्टर, या क्रमाने जा.

इव्हेंट लॉगमध्ये अर्थ फॉल्टचा पिक-अपच नाही आणि ट्रिप बायनरी इनपुटवरून (बाहेरच्या कॉन्टॅक्टचा चालू-बंद सिग्नल) आलाय असं दिसलं तर सीटी सोडा, डीसीकडे बघा. ११० व्होल्टच्या बॅटरीला अर्थ लीकेज मॉनिटरसाठी मधला बिंदू अर्थशी जोडलेला असतो, बुखोल्झ (ट्रान्सफॉर्मरचा गॅस रिले) किंवा ओटीआयच्या (ऑइलचं तापमान दाखवणारा) कॉन्टॅक्टपासून येणाऱ्या वायरला ओल लागून अर्थ झाला की इनपुटवर अर्धं म्हणजे ५५ व्होल्ट येतं, आणि इनपुट जर ४०-५० व्होल्टला पिक-अप होणारा असेल तर ट्रिप. इनपुटचा थ्रेशोल्ड साधारण ७० टक्क्यांच्या वर ठेवा, आणि मार्शलिंग बॉक्सच्या दाराचं रबर बदला, हीटर चालू आहे का बघा. डीसी अर्थ लीकेजचा अलार्म महिनोन्महिने लागलेला असतो आणि बझर बंद करून ठेवलेला असतो, ही गोष्ट मी इतक्या ठिकाणी बघितलीय की आता सबस्टेशनमध्ये शिरल्यावर आधी तोच दिवा शोधतो.

११ केव्ही फीडरवर कोअर बॅलन्स सीटी (तिन्ही फेजची केबल एकाच कड्यातून जाते तो) असेल तर तिथला एक वेगळाच घोळ असतो. आर्मर्ड केबल आर्मरसकट सीटीच्या कड्यातून वर गेली असेल आणि ग्लँड कड्याच्या वर असेल, तर ग्लँडची अर्थ वायर त्याच कड्यातून परत खाली आणून मग अर्थ करायची, म्हणजे आर्मरमधून आलेला करंट आपोआप वजा होतो. ग्लँड कड्याच्या खाली असेल तर अर्थ वायर कड्यातून न्यायची नाही. ग्लँड पॅनलच्या बॉडीपासून इन्सुलेटेड हवा, नाहीतर दोन्ही केलेलं फुकट.

मेंटेनन्सच्या बाबतीत, ज्यांच्याकडे अजून सीडीजी आहेत त्यांनी डिस्क आणि मॅग्नेटच्या फटीतले लोखंडाचे कण काढावेत, कॉन्टॅक्टला पॉलिश पेपर लावू नये, बर्निशरच वापरावा, आणि डिस्क पूर्ण रिसेट होते का ते बघावं. चालू लोडवर सेटिंगचा प्लग काढला तर त्या रिलेत आपोआप सगळ्यात वरचा टॅप लागतो, त्यामुळे सीटी उघडा पडायची भीती नाही, पण प्लग हातात ठेवून चहाला जाऊ नये. न्यूमेरिकलवाल्यांनी वॉचडॉगचा (रिले बंद पडल्याचं कळवणारा) कॉन्टॅक्ट अलार्मला जोडलाय का ते बघावं, रिलेचा पॉवर सप्लाय जातो तेव्हा तो कॉन्टॅक्ट सोडून दुसरं कोणी ओरडत नाही. ट्रिप कॉइल ७० टक्के व्होल्टेजवर, म्हणजे ११० च्या बॅटरीला ७७ व्होल्टवर ब्रेकर पाडते का हेही वर्षातून एकदा प्रत्यक्ष ब्रेकर पाडून बघा.

आणि पुढच्या वेळी टेस्टिंगची वर्क ऑर्डर काढताना कामाच्या यादीत नुसतं "रिले टेस्टिंग" लिहू नका, ते तेवढंच करून जातात आणि त्यात त्यांचा दोष नाही. सीटी सेकंडरीचं अर्थिंग एकच आहे याची मेगर टेस्ट, लूप रेझिस्टन्स, पोलॅरिटी, एका फेजचं आणि दोन फेजचं प्राइमरी इंजेक्शन, रिलेच्या कॉन्टॅक्टपासून ब्रेकर पडेपर्यंतची ट्रिप टेस्ट, हे वेगवेगळ्या ओळीत, प्रत्येकाच्या रीडिंगसकट मागा. टेस्ट झाल्यावर लोडवर आल्यावर मोजलेला न्यूट्रल करंट आणि तीन फेजची बेरीज यांचा स्क्रीनचा फोटो रिपोर्टला जोडायला सांगा, तारीख दिसेल असा.